ह्यांचं बीपी, माझा दंड

पत्र :

मी ७३ वर्षांची आहे, हे ७९ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी ह्यांना हृदयाचा त्रास झाला. पंपिंग कमी झालंय असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या चालू आहेत, लघवी जास्त होण्याचीही एक आहे. पायावर अधूनमधून सूज येते. मुलगा आणि मुलगी दोघंही परगावी असतात. मध्यंतरी मुलानं एक खोकंच पाठवलं. त्यात बीपीचं यंत्र, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, वजनकाटा आणि मनगटी घड्याळ असं सगळं. हे सगळं मोबाइलला जोडलेलं आहे. इथे मोजलं की तिकडे त्याला दिसतं. सुरुवातीला ह्यांनी मोजू दिलं. पण आकडा जरा वर गेला की लगेच फोन यायचा. “बाबा, १५२ कसं झालं? गोळी घेतलीत का? रात्री झोप लागली का?” हे चिडले. “मला रोज परीक्षेला बसवता,” म्हणाले, घड्याळ काढून कपाटात ठेवलं आणि आता दंडही पुढे करत नाहीत. आकडा गेला नाही की मुलगा माझ्यावर रागावतो. म्हणून गेले काही दिवस मी माझ्याच दंडाला पट्टा बांधते आणि तो आकडा ह्यांचा म्हणून जातो. मनाला फार लागून राहिलंय. ही यंत्रं परत पाठवून देऊ का? मला तर मोबाइलही धड जमत नाही.

उत्तर :

ताई,

आधी त्या आकड्यांबद्दल बोलू. घरात शांतता राहावी म्हणून तुम्ही हे केलंत, ते पत्रात ओळीओळीतून कळतं. नवरा आणि मुलगा या दोघांच्या मध्ये तुम्ही एकट्या उभ्या आहात, तेव्हा कुणी तुम्हाला बोल लावावा असं मला मुळीच वाटत नाही. पण हे आजच थांबवा. घरी मोजलेल्या बीपीवरून आता खरोखर औषधं ठरतात. इंग्लंडमध्ये ११८२ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांच्या गोळ्या घरच्या आकड्यांवरून कमीजास्त केल्या गेल्या, त्यांचं बीपी वर्षभरानं इतरांपेक्षा अधिक आटोक्यात आलेलं होतं. ह्यांच्या डॉक्टरांनी उद्या मोबाइलमधली यादी पाहून गोळी वाढवली, तर तुमच्या दंडावर ठरलेली गोळी ह्यांच्या पोटात जाईल. पंपिंग कमी असलेल्या माणसाचं बीपी आधीच्या औषधांनीच बरंच खाली आलेलं असू शकतं. ते आणखी उतरलं तर उठताना चक्कर येऊन पडण्याची भीती असते.

मुलाला सरळ फोन करून सांगा : “अमुक तारखेपासूनचे आकडे बाबांचे नाहीत, माझे आहेत. ते मोजू देत नव्हते, तू रागावत होतास, मला दुसरं काही सुचलं नाही. ते सगळे काढून टाक.” एवढं पुरे. त्यावर लांबलचक खुलासा देत बसू नका. हे आकडे डॉक्टरांपर्यंत पोचले असतील तर त्यांनाही कळवा. डॉक्टर रागावतील ही भीती मनातून काढा. चुकीच्या आकड्यांपेक्षा आकडेच नसलेले त्यांना परवडतात.

आणि ताई, तुमचे स्वतःचे आकडे काय आले, ते पत्रात कुठेच नाही. तुम्ही ७३ वर्षांच्या आहात, आजारी माणसाचं सगळं करता आहात, आणि स्वतःचं बीपी मोजलं तेही दुसऱ्याच्या नावानं. घरी शांतपणे मोजलेल्या बीपीची काही दिवसांची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त येत असेल तर ती डॉक्टरांना दाखवण्याजोगी आहे. दवाखान्यातल्या १४०/९० च्या बरोबरीची ती मानतात. बऱ्याच यंत्रांवर दोन माणसांसाठी वेगवेगळी बटणं असतात. तुमच्या यंत्रावर असतील तर एक ह्यांचं आणि एक तुमचं असं ठरवून टाका. दोघांच्या नोंदी कायमच्या वेगळ्या राहतील.

आता यंत्रं. परत पाठवू नका, पण चारही वापरायलाच हवीत असं अजिबात नाही. ह्यांच्या आजारात त्या चारांपैकी सगळ्यात उपयोगी कुठलं, असं मला विचाराल तर मी वजनकाटा म्हणेन. घरोघरी नेमका तोच पलंगाखाली सरकवलेला असतो. बीपीचं यंत्र भारदस्त दिसतं, वजनकाट्याकडे कुणी औषधपाण्याची वस्तू म्हणून पाहत नाही.

पंपिंग कमी झालं की शरीर पाणी आणि मीठ धरून ठेवू लागतं. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. हे साठलेलं पाणी पायावर सूज म्हणून दिसायला लागण्याआधी, धाप लागण्याच्याही आधी, बरेचदा काट्यावर दिसतं. चरबी दोन दिवसांत किलो-दोन किलो वाढत नाही, पाणी वाढतं. म्हणून तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढ झाली तर डॉक्टरांना कळवावं, असा हृदयरोगतज्ज्ञांचा सर्वसाधारण दंडक आहे. ह्यांचे डॉक्टर ह्यांच्यासाठी वेगळा आकडा सांगतील, तोच धरा. त्या एवढ्याशा आगाऊ सूचनेमुळे कधी कधी गोळीचं प्रमाण फोनवरच बदलता येतं आणि दवाखान्यात भरती होण्याची वेळ टळते.

मोजायचं सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यानंतर, काही खाण्यापिण्याच्या आधी आणि रोज साधारण तेवढ्याच कपड्यांत. काटा कडक फरशीवर हवा. सतरंजीवर किंवा गालिच्यावर ठेवला तर तो भलतंच काहीतरी दाखवतो. ह्यांचा तोल जात असेल तर हाताशी खुर्चीची पाठ किंवा भिंत ठेवा, मात्र आकडा ठरेपर्यंत तिच्यावर भार द्यायचा नाही. वजन भराभर कमी होत असेल तेही सांगण्यासारखंच आहे. जुलाब, उलट्या झाल्या किंवा खाणंपिणं सुटलं आणि लघवीची गोळी तशीच चालू राहिली, तर शरीर कोरडं पडतं. गोळी मात्र आपल्या मनानं वाढवायची नाही आणि बंदही करायची नाही. डॉक्टरांनी तशी मोकळीक आधीच दिलेली असेल तर गोष्ट वेगळी.

तुमच्या घरात जे बिनसलंय ते यंत्रामुळे नव्हे, असं मला का वाटतं ते आता सांगते. अशक्त हृदयाच्या रुग्णांवर घरबसल्या लक्ष ठेवण्याचे बरेच प्रयोग झाले आहेत, त्यांतले दोन मोठे सांगते. पहिला अमेरिकेतला, २०१० साली प्रसिद्ध झालेला. त्यात १६५३ रुग्ण होते. त्यांतल्या निम्म्यांनी रोज एका स्वयंचलित फोनयंत्रणेला आपलं वजन आणि लक्षणं कळवायची होती. सहा महिन्यांनी पाहिलं तर पुन्हा भरती होण्यात किंवा मृत्यूंमध्ये काहीच फरक पडलेला नव्हता. सात रुग्णांमागे एकानं तर ती यंत्रणा एकदाही वापरली नाही. शेवटच्या आठवड्यात, आठवड्यातून निदान तीनदा कळवणारे जेमतेम ५५ टक्के उरले होते. म्हणजे तुमचे हे जगावेगळं काही करत नाहीत, ताई.

दुसरा प्रयोग जर्मनीतला, २०१८ सालचा, १५७१ रुग्णांचा. त्यांतल्या निम्म्यांकडून वजन, बीपी, हृदयाचा आलेख, रक्तातला ऑक्सिजन आणि ‘आज कसं वाटतंय’ या प्रश्नाचं उत्तर, एवढं रोज घरून जायचं. पलीकडे बर्लिनमधल्या केंद्रात डॉक्टर आणि परिचारिका चोवीस तास बसलेल्या असायच्या. आलेलं वाचायच्या, लागलं तर रुग्णाला फोन करायच्या, त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलायच्या. त्या गटात हृदयाच्या दुखण्यापायी अचानक भरती झाल्यामुळे किंवा मृत्यूमुळे वाया गेलेले दिवस वर्षाला सरासरी १७.८ होते, नेहमीचेच उपचार घेणाऱ्या दुसऱ्या गटात ते २४.२ होते. मृत्यूही कमी झाले. दोन्ही प्रयोगांत इतरही फरक होते. तरी मला त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. पाठवलेला आकडा कुणीतरी जाणकारानं वाचला पाहिजे आणि वाचून त्यानं काय करायचं ते आधी ठरलेलं पाहिजे. ते नसेल तर घरी कितीही चांगलं यंत्र आणा, हाती काळजीशिवाय काही लागत नाही.

तुमच्या घरी नेमकं तेच झालंय. आकडा जातो मुलाकडे. मुलाला त्याचं काय करायचं ते माहीत नाही, म्हणून तो घाबरतो आणि घाबरला की प्रश्न विचारतो. ज्यांना तो आकडा वाचता येतो त्या डॉक्टरांपर्यंत तो जातच नाही. आणि ज्यांच्या शरीरातून तो निघतो, त्या ह्यांना त्यातून मिळते फक्त चौकशी. ह्यांच्या जागी मीही दंड पुढे केला नसता.

तेव्हा आकड्याची वाट बदला. आधी तो ह्यांचा. मोबाइलला जोडायचं सध्या राहू द्या. एक वही घ्या आणि तिच्यात ह्यांना स्वतःच्या अक्षरात लिहू द्या : तारीख, वजन, बीपी, नाडी, शेवटी ‘आज कसं वाटतंय’ याचे दोन शब्द. दिसत नसेल, हात थरथरत असेल, तर ह्यांनी सांगायचं आणि तुम्ही लिहायचं. पण वही ह्यांची, आणि ती कुणाला दाखवायची तेही ह्यांनीच ठरवायचं. पुढे कधी ह्यांनाच वाटलं तर मोबाइलची जोडणी पुन्हा चालू करता येईल. बहुतेक ॲपमध्ये दुसऱ्याला माहिती दाखवणं बंद ठेवण्याची सोय असते, काहींत ठरावीक दिवसांचा एकत्र अहवाल काढता येतो. मुलाला रोजच्या आकड्याऐवजी आठवड्याची सरासरी गेली तर त्याचाही जीव जरा थाऱ्यावर राहील.

ह्यांना समजावायला जाऊ नका. समजावणारे घरात आधीच बरेच झालेत. एखाद्या निवांत वेळी, मुलाचा फोन नुकताच येऊन गेलेला नसताना, एवढंच विचारा : “पुन्हा काय व्हायला नको, असं तुम्हाला सगळ्यात जास्त वाटतं?” काही जण म्हणतात, रात्रीची ती धाप नको. काहींना दवाखान्यातली भरती नको असते, काहींना कुणावर ओझं होणं नको असतं. ह्यांचं उत्तर येईल त्याला धरूनच पुढचं बोलणं करा. धाप नको असेल तर वजन कशाला करायचं ते ह्यांना स्वतःलाच पटेल. आणि वजन दिलं, बीपी नाही दिलं, तर तेवढ्यावर थांबा. एक गोष्ट राजीखुशीनं होणं हे चार गोष्टी जबरदस्तीनं होण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

बीपी द्यायला तयार झाले तर पुढचं दोघांनीही समजून घ्या, कारण त्या १५२ नं निष्कारण एवढं रामायण घडवलंय. बीपी दिवसभर वरखाली होतच असतं. दंडाला बांधायचं यंत्र पट्ट्यातली हवा कमी होत असताना धमनीच्या ठोक्यांनी होणारी बारीक थरथर टिपतं आणि तिच्यावरून वरचा आणि खालचा आकडा हिशेबानं काढतं. त्या वेळी हात हलला, बोलणं झालं, की हिशेब चुकतो. लघवी तुंबलेली असेल, पाय एकमेकांवर टाकलेले असतील, हात खाली लोंबत असेल, तर आकडा वर जातो. मनाची धास्तीही आकडा चढवते. दवाखान्यात डॉक्टरांना पाहून अनेकांचं बीपी वाढतं हे सर्वांना ठाऊक आहे. पट्टा फुगत असताना ‘आता मुलाचा फोन येणार’ असं मनात असेल, तर घरातही तसं व्हायला हरकत नाही.

म्हणून आधी पाच मिनिटं नुसतं बसायचं. पाठ टेकलेली, दोन्ही पावलं जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला, पट्टा उघड्या दंडावर. त्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नको, तंबाखू नको, चालून येणंही नको. एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजायचं आणि दोन्ही लिहायचं. डॉक्टरांकडे जाण्याआधी सात दिवस सकाळ-संध्याकाळ असं करायचं, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे आणि उरलेल्यांची सरासरी काढायची. खरं बीपी म्हणतात ते हे. एकट्यादुकट्या १५२ वरून कुठलाही शहाणा डॉक्टर काही ठरवत नाही. भेटींच्या मधल्या काळात किती वेळा मोजायचं ते डॉक्टरांना विचारा. रोज दहादा मोजण्यात काहीच राम नाही, त्यानं भीती तेवढी वाढते. पडद्यावर नाडी अनियमित असल्याची खूण वारंवार येत असेल तर मात्र डॉक्टरांना सांगा. ठोके अनियमित असले की ही यंत्रं चुकू शकतात. अशा वेळी तीन-चारदा मोजावं लागतं, आणि त्या अनियमितपणाचाही तपास व्हायला हवा.

१५२ पेक्षा मला ह्यांच्या बाबतीत वेगळ्याच गोष्टीची काळजी वाटते. बसल्यावर बीपी ठीक आणि उभं राहिल्यावर एकदम खाली, असं वयस्कर माणसांत, आणि अशा औषधांवर असलेल्यांत, बरेचदा होतं. ह्यांना उठताना अंधारी येते का, पाय लटपटतात का, ते विचारा. येत असेल तर बसून एकदा मोजा, मग आधार हाताशी ठेवून उभं राहून एक मिनिटानं आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त, अथवा खालचा १० किंवा त्याहून जास्त उतरला तर वहीत लिहा आणि पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. मोजताना चक्कर आली तर लगेच बसवा, आकड्यासाठी उभं ठेवू नका.

ऑक्सिमीटर कपाटात राहू द्या. बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश पाठवून तो रक्तातल्या ऑक्सिजनचा अंदाज करतो. बोट गार असेल, नखाला रंग असेल, हात हलत असेल, तर तो अंदाज फसतो. गडद त्वचेवर तो असतो त्याहून जास्त ऑक्सिजन दाखवू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२१ साली त्याबद्दल सावधही केलं होतं. तेव्हा धाप दिसत असताना ‘पडद्यावर ९६ आहे ना’ म्हणून थांबू नका. डॉक्टरांनी रोज मोजायला सांगितलं असेल तरच मोजा, नाहीतर श्वासाचा त्रास किंवा छातीचा संसर्ग झाला तर बाहेर काढा.

घड्याळाचं जरा नाजूक आहे. पट्ट्याशिवाय बीपी सांगणाऱ्या घड्याळांवरून उपचार ठरवू नयेत, एवढं आधी लक्षात ठेवा. त्याचा खरा उपयोग पडल्यावर मदत बोलवण्याचा, आणि तो उपयोग मनगटावर असेल तरच. केंब्रिजमध्ये नव्वदी उलटलेल्या लोकांवर झालेला एक अभ्यास २००८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला होता. मदतीचं बटण असूनही, एकटे असताना पडलेल्या आणि स्वतःहून उठू न शकलेल्या बहुतेकांनी ते दाबलेलंच नव्हतं. कुणाच्या अंगावर ते नसतं, कुणाला दुसऱ्याला त्रास द्यायचा नसतो. ह्यांच्यासोबत घरात तुम्ही असता, त्यामुळे घाई नाही. पण तुम्ही बाहेर जाता तेव्हा हे किती वेळ एकटे असतात, रात्री न्हाणीघरात एकटे जातात का, यावर बोला. साधं, पाण्यात चालणारं, रोज चार्ज करावं न लागणारं बटण ह्यांना घड्याळापेक्षा बरं वाटेल कदाचित. घड्याळच वापरायचं झालं तर हे कुठे आहेत ते त्यातून मुलाला दिसतं का, तेही ह्यांना स्पष्ट सांगा. ते दिसू द्यायचं की नाही, हे ठरवायचा हक्क ह्यांचा.

तुमचा मोबाइल. ‘जमत नाही’ म्हणता त्यात तुमचा दोष फार थोडा आहे. वयोमानानं बोटांची त्वचा कोरडी होते आणि कोरड्या बोटाचा स्पर्श त्या काचेला नीट कळत नाही. अक्षरं बारीक असतात. यंत्र आणि मोबाइल यांची ब्लूटूथची जोडणी मध्येच तुटते आणि ती का तुटली ते तरण्या माणसालाही सांगता येत नाही. यंत्राच्या स्वतःच्या स्मृतीत मागचे आकडे राहतात, वही आहेच, त्यामुळे जोडणी तुटली म्हणून आकाश कोसळत नाही. पुढे आपोआप पाठवण्याची गरज डॉक्टरांनाच वाटली, तर स्वतःचं सिमकार्ड असलेली यंत्रं असतात, त्यांना मोबाइलला हात लावावा लागत नाही. बदलायच्या बॅटऱ्या मात्र घरात असू द्या. बॅटरी उतरली म्हणून बंद पडलेलं मोजणं पुन्हा सुरू व्हायला फार वेळ लागतो.

पुढचा परिच्छेद मुलाला वाचून दाखवा.

तुमची भीती खरी आहे. लांब राहून आईवडिलांच्या तब्येतीची काळजी करणं किती जड असतं ते मला ठाऊक आहे, आणि ती यंत्रं तुम्ही मायेपोटीच पाठवलीत. पण दुरून दिसणारा एक आकडा तुम्हाला वडिलांबद्दल फार थोडं सांगतो आणि तुम्ही मात्र त्यावर फार मोठं बोलता. काही महिने फोनवर आकड्याचं नाव काढू नका. काल काय वाचलं, कोण भेटलं, गुडघा कसा आहे, ते विचारा. तुमच्यासाठी काम आहे, आणि ते लांबून नीट होतं. बाबांची परवानगी घेऊन डॉक्टरांच्या दवाखान्यात बोला. घरच्या नोंदी तिथे कोण पाहतं, कशा पाठवलेल्या चालतात, रात्री-बेरात्री फोन कुणाला करायचा, ते विचारा. गोळ्यांची ताजी यादी करून आईकडे आणि स्वतःकडे ठेवा. बॅटऱ्या संपण्याआधी पाठवा. आईवर रागावू नका. ती तुम्हाला दिसत नाही एवढं सगळं करते आहे.

दवाखान्यातून ती उत्तरं आली की एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि वहीच्या पहिल्या पानाला चिकटवा. वजन किती वाढलं तर फोन, बीपी किती खाली आणि किती वर गेलं तर फोन, फोन कोण करणार, कुणाला, रात्री असेल तर कुठे. ह्यांच्यासमोर लिहा आणि ह्यांना मान्य आहे ना ते विचारा. आकडा आला की काय करायचं ते कागद सांगेल, तेव्हा घरात कुणी कुणाला जाब विचारायचं कारण उरणार नाही. वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० च्या पुढे गेला आणि बाकी काही त्रास नसेल, तर शांत बसवा, पाच मिनिटांनी पुन्हा मोजा, तसाच राहिला तर डॉक्टरांना लगेच फोन. छातीत दुखत असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, शुद्ध हरपत असेल, बोलणं अडखळत असेल किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा वाटत असेल, तर काहीही मोजत बसू नका, थेट रुग्णवाहिका बोलवा.

एवढं करूनही हे नाहीच म्हणाले तर? तर नाही. शरीर त्यांचं आहे, डोकं शाबूत असलेल्या माणसाचा नकार मानायला हवा. त्यातही तुम्ही अगदी हातावर हात ठेवून बसाल असं नाही. चपला अचानक घट्ट होऊ लागल्या, मोज्याची खूण घोट्यावर खोल उमटू लागली, झोपायला एक उशी जास्त लागू लागली, आडवं झाल्यावर खोकला येऊ लागला, रात्री धाप लागून उठून बसावं लागलं, कालपर्यंत सहज चढत होते त्या पायऱ्यांवर आज थांबावं लागलं, तर ही सगळी पाणी साठत असल्याची लक्षणं असू शकतात. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. यासाठी यंत्र लागत नाही, रोज सोबत असलेल्या माणसाला ते दिसतं. सकाळी “आज कसं वाटतंय?” विचारलंत आणि उत्तर ऐकून घेतलंत तर तेही मोजणंच झालं. बर्लिनच्या डॉक्टरांनीही तो प्रश्न यंत्रांच्या बरोबरीनं रोज विचारला होता.

पुढच्या भेटीला वही आणि बीपीचं यंत्र दोन्ही सोबत न्या. तिथल्या मोजणीशी यंत्राचे आकडे जुळतात का ते पाहून घ्या. सुरुवातीला दोन्ही दंडांवर मोजून ज्या हाताचं जास्त येतं तोच हात पुढे कायम वापरायचा, तेही तिथेच ठरवता येईल. यंत्राच्या अचूकपणाची स्वतंत्र तपासणी झालेली आहे का, ते ‘स्ट्राइड बीपी’ या तज्ज्ञांच्या यादीत मुलाला पाहता येईल. आणि पट्टा ह्यांच्या दंडाला बेताचा बसतो ना ते डॉक्टरांकडून बघून घ्या. लहान पट्टा आकडा फुगवून दाखवतो, आणि बऱ्याच यंत्रांसाठी मोठा पट्टा वेगळा मिळतो.